शाळेची चूल आणि मे महिना

एप्रिल संपत आला की खान्देशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आवराआवर सुरू होते. खिचडीचं मोठं पातेलं मावशी घासूनपुसून उन्हात वाळवतात आणि किचन शेडच्या कोपऱ्यात पालथं घालतात. झारे, पळ्या, ताटं मोजून कपाटात जातात. मुख्याध्यापक तांदूळ-डाळीची शिल्लक नोंदवहीत लिहितात आणि शेडला कुलूप लागतं. १ मे रोजी झेंडावंदन होतं, निकाल लागतो आणि मुलं घरी पळतात. ते कुलूप पुन्हा उघडतं जूनच्या मध्यावर.

मधले सहा आठवडे म्हणजे भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकण्याचे दिवस. कापूस वेचून कधीच झालेला, रब्बीचा गहू-हरभरा घरात नाहीतर बाजारात गेलेला, पेरणीला अजून अवकाश. बागायतीच्या, केळीच्या पट्ट्यात थोडंफार काम मिळतं. कोरडवाहू गावात मजुराच्या हाताला कामच नसतं. विहिरी तळाला जातात, दुभती जनावरं आटतात, भाजी महागते. ज्या घरात हातावर पोट आहे, तिथे वर्षातला सगळ्यात ओढगस्तीचा काळ हाच. आणि नेमक्या याच काळात शाळेचं जेवण बंद असतं.

त्याच गावात, कधी कधी त्याच आवारात, दुसरी एक चूल मात्र पेटलेली असते. ती अंगणवाडीची. अंगणवाडीचा आहार वर्षाला साधारण ३०० दिवस द्यायचा असतो. शाळेसारखी दीड महिन्याची सुट्टी त्याला नसते. सातपुड्याच्या पायथ्याच्या अनुसूचित क्षेत्रात तर अमृत आहार योजनेखाली सात महिने ते सहा वर्षं वयाच्या बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडं किंवा केळं मिळतं, तेही बारा महिने. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं डोळ्यांसमोर आणा. धाकटी चार वर्षांची, थोरला आठ वर्षांचा. मे महिन्याच्या दुपारी धाकटीला शिजलेलं अन्न मिळतं. थोरला तिला अंगणवाडीच्या दारापर्यंत पोहोचवतो आणि बाहेर उभा राहतो.

ही वेस कायद्यानेच आखलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं पाचवं कलम वाचलं की ती स्पष्ट दिसते. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला वयाप्रमाणे अंगणवाडीतून मोफत आहार, हा त्याचा हक्क. सहा ते चौदा वर्षांच्या किंवा आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेत दररोज एक मोफत जेवण, हाही हक्क. पण त्याला एक शेपूट जोडलेलं आहे: शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून. लहान मुलाचा हक्क त्याच्या वयाला बांधलेला आहे, मोठ्याचा शाळेच्या घंटेला. सहावं वर्ष ओलांडलं की मुलाची भूक शालेय वेळापत्रकाप्रमाणे चालेल, असं कायदा धरून चालतो.

असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. शाळेतलं जेवण आपल्याकडे आलं तेच मुळी मुलांना शाळेत आणण्यासाठी. मद्रास राज्यात कामराजांनी १९५६ च्या सुमारास ते सुरू केलं, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला मोठं रूप दिलं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली. तिच्या नावातच प्राथमिक शिक्षणाला पोषणाचं साहाय्य असं होतं. आपल्या राज्यात सुरुवातीची काही वर्षं मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा, तोही हजेरी भरली तर. ज्यांची शाळा त्या काळातली आहे त्यांना तांदूळवाटपाच्या दिवशीची पिशव्यांची रांग आठवत असेल.

शिजवलेलं अन्न आलं ते सर्वोच्च न्यायालयामुळे. राजस्थानात दुष्काळ, गोदामं धान्यानं भरलेली आणि लोक उपाशी, या विसंगतीवर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं २००१ मध्ये याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक सरकारी आणि सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, वर्षातले किमान २०० दिवस. त्या एका आदेशानं देशातल्या कोट्यवधी मुलांचं दुपारचं ताट भरलं, हे ऋण मोठं आहे. पण वर्षाचे दिवस ३६५ असतात. उरलेल्या दिवसांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

तो लवकरच करावा लागला. २० एप्रिल २००४ रोजी याच खटल्यात न्यायालयानं आदेश दिला की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना जेवण द्यावं. मे २०१६ मध्ये, मराठवाड्याला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात, स्वराज अभियानाच्या याचिकेवर न्यायमूर्ती मदन लोकूर आणि एन. व्ही. रमणा यांनी तेच पुन्हा बजावलं आणि पुढे जाऊन सांगितलं की आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, अंडं, दूध किंवा तितकंच पौष्टिक काहीतरी त्यात असावं. त्या वेळी महाराष्ट्रही दुष्काळग्रस्त राज्यांच्या यादीत होता.

खान्देशाला ही यादी परकी नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यानं २६ जिल्ह्यांतल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या १५ पैकी १३ तालुके होते. धुळे आणि शिंदखेडाही होते. २०१९ च्या उन्हाळ्यात दुष्काळी तालुक्यांतल्या शाळांना सुट्टीतही आहार शिजवण्याच्या सूचना आल्या. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुके जाहीर झाले, त्यांत चाळीसगाव आणि शिंदखेडा पुन्हा आले. दुष्काळ इथे पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यासारखा राहतो.

इथल्या जुन्या माणसांना दुष्काळातलं सरकारी अन्न आठवतं ते १९७२ चं. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडणाऱ्या बायका, त्यांच्या पोरांच्या ओंजळीतली सुकडी, रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. सुकडीची चव सांगताना आजही काही जणांचा चेहरा उजळतो. त्या वर्षी मूल शाळेत आहे का, त्याची हजेरी किती, असं कुणी विचारलं नाही. मूल उपाशी आहे एवढं पुरेसं होतं.

आता हिशेब पाहू, कारण या प्रश्नात हिशेब फार बोलका आहे. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळतं. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं यावीत अशी अपेक्षा. सहावी ते आठवीला धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. कॅलरी ७०० आणि प्रथिनं २० ग्रॅम. एका घरातलं एक मूल तिसरीत आणि एक सातवीत असेल, तर रविवार सोडून सुट्टीच्या सहा आठवड्यांत, म्हणजे ३६ दिवसांत, त्या घराला येणारं ९ किलो धान्य, १ किलो ८०० ग्रॅम डाळ, साडेचार किलो भाजी आणि जवळपास अर्धा किलो तेल थांबतं.

प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणून कुणी म्हणेल, धान्य तर घरात येतंच. येतं. पण दिवसाला माणशी १६५ ग्रॅमच्या आसपास पडतं ते. शिवाय रेशनच्या पिशवीत गहू-तांदूळ असतात, डाळ आणि भाजी नसते. शाळेच्या ताटातली खरी किंमत त्या पिवळ्या डाळीची आणि भाजीच्या फोडींची होती. मे महिन्यात गरीब घरातलं मूल उपाशी झोपतंच असं नाही. ते तिखट-मीठ-तेल लावलेली भाकरी खातं, पातळ कढी-भात खातं, पोट भरल्यासारखं होतं. प्रथिनं मात्र गेलेली असतात, लोह गेलेलं असतं. अशी भूक बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते: शाळेत जेवण मिळतं म्हणून घरी आई कमी वाढत असेल, सुट्टीत ती जास्त वाढेल, शेवटी सगळं सारखंच. अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या गावांत नेमकं हेच तपासलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की शाळेच्या जेवणातून मिळालेलं पोषण मुलाच्या दिवसभराच्या आहारात खरोखर वाढतं. घरी त्याच्या बदल्यात फारशी काटछाट होत नाही. प्रथिनांची रोजची तूट तर शाळेच्या जेवणानं भरून निघत होती. म्हणजे उलट बाजूही तितकीच खरी असणार. शाळेचं ताट गेलं की ती तूट घर भरून काढू शकत नाही, कारण भरायला घरात काही शिल्लक नसतं. आंध्र प्रदेशातल्या मुलांवरच्या आणखी एका अभ्यासानं दाखवलं की दुष्काळानं खुंटलेली लहान मुलांची वाढ शाळेच्या जेवणानं बऱ्यापैकी भरून येते.  सहा आठवडे ही लहान मुलाच्या शरीरासाठी किरकोळ गोष्ट नाही.

काही मुलांची कोंडी तर दुहेरी आहे. चाळीसगाव, पारोळा, साक्री या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी दक्षिण गुजरातेत. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या खान्देशी मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच सविस्तर लिहून ठेवलं आहे. ज्या घरी सांभाळणारी आजी नाही, तिथली मुलं आईबापांबरोबर फडावर जातात. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपतो, बिऱ्हाड परत येतं आणि आठ-पंधरा दिवसांत शाळेला सुट्टी लागते. हंगामात फडावर असल्यामुळे जेवण हुकलं, गावात आल्यावर सुट्टीमुळे हुकलं. ज्या मुलांची गरज सगळ्यात मोठी, त्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी ताटं.

आणि आश्रमशाळेतली मुलं. धुळे आणि यावल प्रकल्पातल्या आश्रमशाळांत पावरा, भिल्ल, तडवी घरांतली मुलं राहतात. त्यांचा नाश्ता आणि दोन्ही जेवणं शाळेत. सुट्टी लागली की शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या डोंगरपट्टीतल्या पाड्यांवर ती परततात. आईबाप तेंदूची पानं तोडायला किंवा मिळेल त्या कामाला गेलेले असतात. गावच्या शाळेतल्या मुलाचं एक जेवण थांबतं, आश्रमशाळेतल्या मुलाचं दिवसभराचं. घरी जायला मिळतं याचा आनंद त्यांना असतोच, तो कुणी हिरावून घेऊ नये. पण पाड्यावर पोहोचलेल्या मुलाच्या पोटाची जबाबदारी कोणत्या खात्याची, याला आज उत्तर नाही.

सुट्टीत जेवण द्यायचं ठरवलं की ते मुलांपर्यंत पोहोचतंच, असंही नाही, आणि इथे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. दुष्काळी उन्हाळ्यात शाळा उघडली तरी मुलं कमी येतात. कुणी मामाच्या गावी असतं, कुणी आईबरोबर कामावर. दुपारी बाराच्या उन्हात अनवाणी पोरानं वस्तीवरून शाळेपर्यंत यायचं तरी कसं? शिक्षकांची ती हक्काची सुट्टी असते. वर्षभर खिचडीचे आकडे भरून दमलेल्या माणसाला मे महिन्यातही वहीपाशी बसवलं तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. किचन शेडमधल्या टाकीला पाणी नसतं. आणि मावशींचं काय? स्वयंपाकी आणि मदतनीस यांचं केंद्रानं ठरवलेलं मानधन महिन्याला १००० रुपये आहे, तेही वर्षाला १० महिन्यांचं. महाराष्ट्रानं भर घालून ते २५०० रुपयांवर नेलं. शंभर पोरांसाठी धुरात उभं राहणाऱ्या बाईला मिळणारी ही रक्कम, आणि उन्हाळ्यात तीही नाही. यातल्या कितीतरी जणी विधवा आहेत, एकट्या आहेत, त्यांचीच मुलं त्याच शाळेत जेवतात. चूल विझते तेव्हा त्यांच्या घरातलं जेवण आणि कमाई एकदमच जाते.

श्रीमंत देशांनाही हा प्रश्न पडला आहे, हे ऐकून बरं वाटत नाही, पण शिकायला मिळतं. अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६ चा. सुट्टीतल्या जेवणाचा प्रयोग १९६८ मध्ये सुरू झाला आणि १९७५ मध्ये ती स्वतंत्र योजना झाली. गरीब वस्तीतल्या बागेत, ग्रंथालयात, चर्चच्या सभागृहात जेवण ठेवायचं आणि अठरा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला, नाव-गाव-कागद न विचारता, वाढायचं. तरीही शाळेत जेवणाऱ्यांपैकी थोडीच मुलं तिथे पोहोचत, कारण जेवण तिथेच बसून खायचं असा नियम होता आणि खेड्यातल्या मुलाला तिथवर नेणारं कुणी नव्हतं. २०२३ च्या उन्हाळ्यापासून ग्रामीण भागात डबा घरी न्यायला परवानगी मिळाली आणि २०२४ पासून अनेक राज्यांत पात्र मुलामागे सुट्टीच्या तीन महिन्यांसाठी १२० डॉलर किराण्याच्या कार्डावर येऊ लागले. अर्धं शतक गेल्यावर त्यांना कळलं की जेवण मुलाकडे गेलं पाहिजे. इंग्लंडमध्ये जून २०२० मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डनं स्वतःच्या बालपणीची भूक आठवून खासदारांना जाहीर पत्र लिहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारनं माघार घेऊन सुमारे १३ लाख मुलांना सुट्टीतल्या जेवणाची कुपनं द्यायचं मान्य केलं.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडेही जे एरवी अशक्य म्हणतात ते झालं. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, आणि २८ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं जाहीर केलं की या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना आहार मिळेल. त्यासाठी सुमारे १६०० कोटी रुपये जादा खर्च येईल. दुष्काळ असो नसो, सगळ्या देशासाठी. शिक्षकांनी तांदूळ आणि डाळ मोजून पालकांच्या हाती दिली. कोरड्या शिध्याला मर्यादा आहेत. तो घराच्या एकाच पातेल्यात जातो आणि मुलाचा वाटा सगळ्यांत विभागला जातो. पण गरीब घरात सगळ्यांनीच थोडं थोडं खाल्लं, तर त्यात वाईट काय आहे? मला तरी त्यात काही वावगं दिसत नाही.

मग दरवर्षीच्या मे महिन्यासाठी काय करता येईल? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे हे जेवण दुष्काळाच्या जाहीरनाम्यापासून सोडवणं. तालुका यादीत आला तर ताट, नाही आला तर नाही, हा न्याय मुलाला समजावता येत नाही. २०१८ च्या यादीबाहेर राहिलेल्या तालुक्यातल्या भूमिहीन मजुराच्या मुलीचा मे महिना शेजारच्या तालुक्यातल्या मुलीपेक्षा वेगळा नव्हता. दुसरी गोष्ट, चालू असलेल्या चुलीचा वापर. अंगणवाडीची शिजवण्याची व्यवस्था मे महिन्यात सुरू असतेच. तिथे शाळेचं धान्य, शाळेच्या स्वयंपाकी मावशी आणि त्यांना त्या दोन महिन्यांचं पूर्ण मानधन दिलं, तर शिक्षकाची सुट्टी मोडावी लागत नाही आणि थोरल्या भावंडाला दारातून परत फिरावं लागत नाही. दोन खाती वेगळी आहेत, निधीची लेखाशीर्षं वेगळी आहेत, हे खरं. पण बचत गटाच्या बायकांना एका पातेल्यात दोन खात्यांची डाळ शिजवता येईल, याबद्दल मला शंका नाही.

वेळ सकाळची हवी, आठ-साडेआठची, ऊन चढण्याआधी. मामाच्या गावी गेलेल्या मुलाला तिथल्या चुलीवर जेवता आलं पाहिजे. रेशनकार्ड देशभर चालतं, तर मुलाचं ताट शेजारच्या तालुक्यात चालायला हरकत नसावी. पाड्यांवर, शेतातल्या वस्त्यांवर कोरडा शिधा द्यावा, त्यात तांदळापेक्षा डाळ, शेंगदाणे, गूळ जास्त. आणि जळगाव जिल्ह्यात फळ कोणतं द्यायचं हा प्रश्नच पडू नये. राज्यानं २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं तेव्हा ते न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्यांचा निधी थांबला, याचं दुःख आहे. पण रावेर-यावलची केळी देशभर जाते, आणि भाव कोसळला की उभ्या बागेवर नांगर फिरतो. त्याच तालुक्यातल्या पाड्यावरच्या मुलाच्या हातात मे महिन्यात रोज एक केळं पडायला सरकारी खरेदीचा एक आदेश पुरेसा आहे.

खान्देशातल्या उन्हाळ्याला खाण्याची स्वतःची लगबग असते. गच्चीवर, अंगणात बिबडे पडतात, कुरडया वाळतात, शेवया होतात. पहाटेपासून बायका एकमेकींच्या घरी हात लावायला जातात आणि पोरं गरम पिठाच्या वाटीसाठी भोवती घुटमळतात. ज्यांच्या घरी वाळवण घालायला ज्वारी नाही, त्यांची पोरंही तिथेच असतात. कुणी ना कुणी त्यांच्या हातावर वाटी ठेवतंच. इतकं मन या मुलखात अजून आहे. पण वाळवणं दहा-बारा दिवसांत संपतात.

त्यानंतर मेचे उरलेले दिवस आणि अर्धा जून. शाळेच्या कुलूपबंद शेडमध्ये शिल्लक तांदळाचं पोतं भिंतीशी टेकलेलं असतं. जूनमध्ये ते उघडलं की आधी सोनकिडे निवडावे लागतात. मग चूल पेटते. पहिल्याच दिवशी, घंटा व्हायच्या आधीच, चार-सहा डोकी खिडकीच्या गजांपाशी येतात आणि विचारतात, "मावशी, खिचडी शिजनी का?"